हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या घरी चौरंगावर अजूनही एक लाल कापडी बांधणीची वही मांडली जाते. तिच्यात आता कोणी काही लिहीत नाही. माझ्या वडिलांचे साताऱ्यास लहानसे किराणा दुकान होते, त्या दुकानाची ती शेवटची खतावणी. दुकान गेले, वडील गेले. मी स्वतः छत्तीस वर्षे एका कारखान्याच्या हिशेबखात्यात काढून २०२२ साली निवृत्त झाले. पण पूजेला वही लागते ती हीच. गेल्या दिवाळीत माझ्या भावाच्या मुलीने तिच्या शेजारी आपला लॅपटॉप आणून ठेवला. ती नुकतीच चार्टर्ड अकौंटंट झाली आहे आणि एका मोठ्या कंपनीत लागली आहे. मी त्या यंत्रालाही हळदकुंकू वाहिले. लक्ष्मी कोणत्या रूपाने येईल याचा काय नेम?

आरती झाली, अनारसे वाटून झाले, आणि मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "आत्या, तुला एक विचारायचंय. मला कंपनीत लागून सहा महिने झाले नाहीत तोच त्यांनी मला सीएसआरच्या कामावर नेमलं. कंपनी जो दानधर्म करते ना, त्याच्या. साहेब म्हणाले, हे काम बायकांनीच करावं, बायकांचं मन मऊ असतं. आता हे कौतुक समजायचं की अपमान?"

मी हसले, आणि "अगोदर फराळ कर" म्हणून वेळ मारून नेली. खरे सांगायचे तर त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. ज्या वाक्याने तिला कोड्यात टाकले होते, ते वाक्य मीही ऐकले होते, आणि त्यावर माझ्याकडून दोन चुका घडल्या होत्या. त्या दोन चुकांचा जमाखर्च मांडल्याखेरीज तिला उत्तर देता येणार नव्हते. तोच आज मांडते आहे.

वडिलांच्या वहीपासूनच सुरुवात करते. पेठेतल्या अडत्याकडून गुळाची ढेप किंवा तुरीचे पोते घेतले, की बिलाच्या तळाशी तीन बारीक ओळी असत: हमाली, तोलाई आणि धर्मादाय. धर्मादायाची रक्कम अगदी किरकोळ, पण ती प्रत्येक बिलावर असे. वडील ती मुकाट्याने भरीत आणि वहीत टिपून ठेवीत. पुढे त्या अडत्याने एक धर्मशाळा बांधली आणि तिच्या दारावर आपल्या तीर्थरूपांचे नाव संगमरवरात कोरले. तिच्यावरून जाताना वडील मिस्किलपणे म्हणत, "हलवायाच्या घरावर तुळशीपत्र!" दान करताना वस्तूवर तुळशीपत्र ठेवून तिच्यावरचा आपला हक्क सोडायचा, ही आपली रीत. पण घरच जर हलवायाचे असेल, तर आपण तुळशीपत्र ठेवून सोडले ते काय?

ही केवळ माझ्या वडिलांची थट्टा नव्हती. गिऱ्हाइकांकडून धर्मादाय म्हणून घेतलेला पैसा कोणाचा, हा प्रश्न एका कापड गिरणीच्या प्राप्तिकराच्या खटल्यात थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. १९७९ साली न्यायालयाने निकाल दिला की तो पैसा गिरणीचे उत्पन्नच नव्हे; तो धर्मकार्यासाठी तिच्या हाती सोपवलेला पैसा आहे. म्हणजे वडिलांचे म्हणणे कायद्यानेही खरे ठरले. अडत्या दाता नव्हता. तो फक्त पोचवणारा होता.

आता कंपनीचे पहा. कंपनी ही तर अडत्याहूनही चमत्कारिक वस्तू. तिला नाव आहे, सही आहे, मालमत्ता आहे. पण अंतःकरण नाही. तिचा नफा भागधारकांचा. मग तिने कोणाला चार पैसे दिले, तर ते कोणी दिले? १८८३ साली इंग्लंडात एका रेल्वे कंपनीच्या खटल्यात हा प्रश्न निघाला. कंपनी विकली जात होती आणि संचालकांना जाणाऱ्या नोकरांना बक्षिसी द्यायची होती. बोवेन नावाचे एक न्यायमूर्ती होते. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की संचालकांच्या मेजाशी दयेला दया म्हणून बसण्याचा काही अधिकार नाही. कंपनीच्या हिताचा वेष घालून ती आली, तर तेवढ्यापुरते तिला बसू द्यावे. पुढे १९७० साली अमेरिकेत मिल्टन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञाने तेच अधिक रोखठोक सांगितले: कंपनीचा अधिकारी समाजकार्याला पैसा देतो तेव्हा तो दुसऱ्याचा पैसा उधळतो, त्याला दानधर्म करायचा असेल तर त्याने आपल्या खिशातून करावा. इंग्रज न्यायमूर्तींना आणि अमेरिकन पंडितांना आमची म्हण ठाऊक असती, तर त्यांचे पुष्कळ शब्द वाचले असते.

हे युक्तिवाद मी तरुणपणी वाचले तेव्हा मला ते बिनतोड वाटले. मग एके दिवशी सहज आईची आठवण झाली आणि त्यांत कुठेतरी फट आहे असे वाटू लागले.

आमच्या लहानपणी घरी बुधवारी एक विद्यार्थी जेवायला येई. वार लावून जेवणाऱ्या मुलांतला तो शेवटचाच असावा. नंतर ती पद्धत हळूहळू नाहीशी झाली. दुकान वडिलांचे, पैसा वडिलांचा. आईने आयुष्यात स्वतः एक रुपया मिळवला नाही. पण बुधवार कोणाला द्यायचा हे तिने ठरवले. फ्रीडमनसाहेबांच्या न्यायाने पाहिले, तर माझी आई आठवड्यातून एकदा नवऱ्याच्या घरावर तुळशीपत्र ठेवीत होती. मात्र तिचे काम पानावर वाढून संपत नसे. मुलगा लाजाळू होता. दुसरी भाकरी मागत नसे. आई त्याच्याकडे न पाहता पाही. त्याची बोटे ताटात रेंगाळू लागली, की ती काही न विचारता भाकरी टाकी आणि स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणे, "उरली तर उद्या शिळी व्हायची." एका बुधवारी तो आला नाही, तर तिने संध्याकाळी मला त्याच्या खोलीवर पाठवले. त्याला ताप होता. पैसा तिचा नव्हता हे खरे. पण तो पोटापर्यंत पोचला की नाही, ही जबाबदारी तिने दुसऱ्या कोणावर टाकली नाही. दान देणारा एक आणि पोचवणारा दुसरा असेल, तर पुण्य कोणाचे, हे शास्त्री सांगोत. जबाबदारी मात्र पोचवणाऱ्याची, एवढे मी तिच्याकडून शिकले.

शिकले, असे आज म्हणते. वेळ आली तेव्हा मला ते आठवले नाही.

आपल्याकडे २०१३ साली नवा कंपनी कायदा झाला. त्यातल्या १३५ व्या कलमाने मोठ्या कंपन्यांवर बंधन घातले, की मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी. ज्यांची निव्वळ मालमत्ता ५०० कोटींची, किंवा उलाढाल १००० कोटींची, किंवा निव्वळ नफा ५ कोटींचा, अशा कंपन्यांना हे २०१४ च्या १ एप्रिलपासून लागू झाले. अलीकडच्या वर्षांत या वाटेने वर्षाकाठी पंचवीस हजार कोटींहून अधिक रुपये खर्च होत आले आहेत. त्याच कायद्याच्या १४९ व्या कलमाने आणखी एक गोष्ट केली: शेअरबाजारात नोंदलेल्या सर्व आणि इतर काही मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळावर निदान एक तरी स्त्री असलीच पाहिजे. गंमत पहा. बोवेनसाहेबांनी जिला मेजाशी बसू दिले नव्हते ती दया, आणि जिला कोणी बोलावलेच नव्हते ती बाई, दोघींना एकाच कायद्याने एकाच वेळी खुर्च्या दिल्या. मग पुरुषांचा गोंधळ झाला तर नवल नाही. त्यांना वाटले, या दोघी एकच.

कित्येक कंपन्यांनी त्या खुर्चीवर मालकाची पत्नी, मुलगी किंवा वहिनी आणून बसवली. म्हणून पुढे सेबीला नियम करावा लागला, की मोठ्या नोंदलेल्या कंपन्यांत ही स्त्री स्वतंत्र संचालक असावी, घरची नसावी. आमची कंपनी शेअरबाजारात नव्हती आणि मी संचालकही नव्हते. मी हिशेबखात्याची प्रमुख. तीन संचालकांच्या समितीला कागद तयार करून देणारी. पहिल्याच बैठकीत अध्यक्ष म्हणाले, "बाई, यात तुमचं मन जास्त चालेल. आम्ही आपले यंत्रातले लोक." मला ते ऐकून बरे वाटले. तीस वर्षे तेरजा मिळवीत बसलेल्या बाईला कोणी मनाची चौकशी केली, की बरे वाटतेच.

बायका पैशाच्या जागी आल्या म्हणजे कंपन्या जास्त दान करतात, असे दाखवणारे आकडेही आहेत. अमेरिकेतल्या १८५ मोठ्या कंपन्यांचा १९९१ ते १९९४ या काळातला अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. मंडळावर बायकांचे प्रमाण जास्त, तिथे देणग्या जास्त, असे त्यात दिसले. समाजसेवा आणि कला यांकडे अधिक पैसा गेला होता. शिक्षणाच्या बाबतीत मात्र तसा संबंध आढळला नाही. २०११ साली कॅटॅलिस्ट या संस्थेने तर सांगितले, की जिथे तीन किंवा अधिक स्त्रिया संचालक आहेत त्या कंपन्यांच्या देणग्या, जिथे एकही नाही त्यांच्या सरासरी अठ्ठावीस पट आहेत. अठ्ठावीस पट! हिशेबनिसाला असा आकडा दिसला की तो आधी पेन खाली ठेवतो. ज्या कंपन्या अवाढव्य आहेत त्यांच्याकडे पैसाही जास्त, लोकांचे लक्षही जास्त, आणि म्हणून बायकांना मंडळावर घेण्याची लाजही जास्त. पावसात छत्र्या दिसतात म्हणून छत्र्यांनी पाऊस पाडला असे कोणी म्हणत नाही. बायका आल्याने काहीच बदलत नाही, असे मात्र मी म्हणत नाही. काय बदलते ते त्या आकड्यात सापडत नाही, एवढेच.

मला आकड्यांपेक्षा म्यूरिएल सीबर्ट या बाईंची गोष्ट अधिक पटते. न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात १९६७ सालच्या डिसेंबरात स्वतःची जागा विकत घेणारी ही पहिली स्त्री. तिच्या अर्जाला पुरस्कर्ता होण्यास पहिल्या नऊ पुरुषांनी नकार दिला, दहावा तयार झाला. आत गेल्यावर १३६५ पुरुषांत ती एकटी. या बाईने १९९० साली ठरवले, की नव्या रोख्यांच्या विक्रीत आपल्या पेढीला जो नफा होईल त्यातला निम्मा धर्मादाय संस्थांना द्यायचा. वर्ष संपल्यावर काही उरले तर द्यावे, असे ते नव्हते. धंद्याच्या करारातच दानाची ओळ घालून ठेवलेली. माझ्या वडिलांच्या बिलावरची धर्मादायाची ओळच ती. फरक इतकाच, की पेढी बाईची स्वतःची होती आणि तुळशीपत्र तिने आपल्याच घरावर ठेवले. मऊ मनाची बाई त्या बाजारात तेवीस दिवससुद्धा टिकली नसती. ती तेवीस वर्षे टिकली आणि मग दान तिच्या हिशेबाच्या पक्केपणातून निघाले.

आता माझी पहिली चूक. २०१७ साली आमच्या कंपनीच्या दोन टक्क्यांतून एका गावच्या शाळेत मुलींसाठी स्वच्छतागृह बांधले. कल्पना माझी. समितीला ती फार आवडली. बाईच्या मनातून निघाली ना! मार्च जवळ आला होता आणि पैसा संपवायचा होता. कंत्राटदाराची बिले आली, छायाचित्रे आली, मुख्याध्यापकांचे पत्र आले. मी बेरजा तपासल्या आणि सही केली. उद्घाटनाला मांडव होता, कोनशिला होती, नारळ होता. माझाही सत्कार झाला. ती शाल अजून कपाटात आहे.

वर्षभराने कंपनीच्या गाडीतून त्याच रस्त्याने जात होते. ड्रायव्हरने शाळेजवळ गाडी हळू केली आणि म्हणाला, "मॅडम, दोन मिनिटं आत येऊन बघता का?" त्याची मुलगी त्याच शाळेत सातवीत होती, हे मला ठाऊक नव्हते. स्वच्छतागृहाला कुलूप होते. खिडकीतून आत फुटके बाक आणि तांदळाची रिकामी पोती दिसत होती. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्या म्हणाल्या, "उद्घाटनाच्या दिशी टँकर आनला व्हता, ताई. दुसऱ्या दिवसापासनं टाकी कोरडी. कुलूप न लावून काय करत्यात?" मी विचारले, "मग मुली काय करतात?" त्या म्हणाल्या, "पोरी दिसभर पानीच पीत न्हाईत."

परतीच्या वाटेवर मी ड्रायव्हरला विचारले, "वर्षभर साहेबांना का नाही सांगितलंस?" तो म्हणाला, "साहेबांपुढं असलं कसं काढायचं, मॅडम? तुम्ही आहात म्हणून बोललो."

हे वाक्य मी पुष्कळ दिवस मनात घोळवले. मी दयाळू आहे म्हणून तो बोलला नव्हता. माझ्या दयेचा नमुना तर त्याने आताच पाहिला होता. काही गोष्टी माझ्यापुढे बोलता येत होत्या म्हणून तो बोलला. मुलीची अडचण हा साहेबांपुढे काढण्याचा विषय नाही, पण तिजोरीच्या जागी एक बाई बसली आहे म्हटल्यावर तो विषय काढता येतो. बायका त्या जागी आल्याने जे बदलते ते मला वाटते हेच: मेजापर्यंत जी बातमी आजवर पोचत नव्हती ती पोचू लागते. तिचे मन मऊ असो की कठीण, तिच्या कानाशी जाण्याची वाट निराळी असते. आणि बातमी आणणारा बहुधा एखादा पुरुषच असतो, हेही ध्यानात ठेवावे.

पुढच्या बैठकीत मी पाण्याची मोटर, नळ आणि साफसफाई करणाऱ्या बाईचा तीन वर्षांचा पगार असा प्रस्ताव ठेवला. एक संचालक म्हणाले, "बाई, यात फोटो कसला काढायचा? हा तर घरखर्च झाला." मी म्हटले, "होय, घरखर्चच आहे. मांडव, कोनशिला आणि हारतुरे यांवर आपण जेवढं घातलं, तेवढ्यात वर्षभराचं पाणी आलं असतं." खोलीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. प्रस्ताव मंजूर झाला. त्या दिवसापासून माझ्या मनाचे कौतुक करणे मात्र बंद झाले.

येथे गोष्ट संपली असती तर मी भाचीला ऐटीत सांगितले असते, की बाई गं, मन बाजूला ठेव आणि पावत्या तपास. पण दुसरी चूक मी केली ती नेमकी याच ऐटीत.

२०२१ च्या जानेवारीत कायद्याचे नियम बदलले. दिलेला पैसा ठरल्या कामासाठी, ठरल्या रीतीनेच खर्च झाला, असा दाखला आता हिशेबखात्याच्या प्रमुखाने द्यायचा, असे ठरले. म्हणजे माझ्या सहीला कायद्याचे वजन आले. ज्या संस्थेमार्फत काम करायचे तिला सरकारदप्तरी नोंद पाहिजे, प्राप्तिकराच्या सवलतीची नोंदणी पाहिजे, आणि तीन वर्षांच्या कामाचा पुरावा पाहिजे, असेही ठरले. स्वच्छतागृहाने पोळलेली मी; मला हे सगळे फार पसंत पडले.

त्याच वर्षी दिवाळीनंतर एक तरुण शिक्षिका माझ्याकडे आली. आमच्या भागात साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला, की बीड-नगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. आईबाप पहाटे फडात जातात आणि मुले पालांपाशी मागे राहतात, धाकट्या भावंडांना सांभाळीत. त्यांच्यासाठी ही मुलगी साखरशाळा चालवीत होती. ताडपत्रीच्या सावलीत तीस-पस्तीस मुले. तिला हव्या होत्या चटया, पाट्या, दुपारचे जेवण आणि एका मदतनीस बाईचा पगार. सारे मिळून आमच्या दोन टक्क्यांचा शंभरावा भागही नव्हता. मी तिला संस्थेची कागदपत्रे विचारली. तिच्या संस्थेला दीड वर्षे झाली होती. मी तिला नियम समजावून सांगितला. फार सौजन्याने सांगितला. ती म्हणाली, "ठीक आहे मॅडम," आणि कागद पिशवीत घालून गेली. जाताना तिने दार हलकेच लोटून घेतले.

जानेवारीत ती शाळा बंद पडली, असे कोणीतरी सांगितले. आणि त्यानंतर काही आठवड्यांनी, दुसऱ्याच कामासाठी नियमांचे पुस्तक चाळताना, एक ओळ माझ्या डोळ्यांपुढे आली. ती नवी नव्हती. मी ती पूर्वी अनेकदा वाचली होती. कंपनीला हे काम संस्थेमार्फतच केले पाहिजे असे नाही. ती ते स्वतःही करू शकते. म्हणजे चटया कंपनीने विकत घ्यायच्या, पाट्या कंपनीने घ्यायच्या, मदतनीस बाईला पगार कंपनीने द्यायचा. तिच्या संस्थेला एक रुपयाही न देता ती शाळा चालली असती आणि माझ्या सहीला काडीचाही डाग लागला नसता. वाट होती. मी ती शोधली नव्हती. "नियमात बसत नाही" हे वाक्य उच्चारताना मला आपण फार सचोटीने वागत आहोत असे वाटले होते. खरे पाहता मी फक्त आळशी होते.

निवृत्तीपूर्वी माझ्या हातून जे शेवटचे प्रस्ताव गेले त्यांत पुढल्या हंगामासाठी साखरशाळेची सोय मी घालून ठेवली. ती झालीही. पण ती शिक्षिका दुसऱ्या गावी नोकरीला लागली होती, आणि टोळ्या दरवर्षी बदलतात. मुले दुसरी होती. आमच्या शास्त्रात शिल्लक पुढे ओढण्याची सोय आहे. चालू कामाचा न खर्चलेला पैसा निराळ्या खात्यात टाकून तीन वर्षांपर्यंत पुढे नेता येतो, अशी तरतूद त्याच नव्या नियमांत आहे. रक्कम पुढे ओढता येते. आठ वर्षांच्या मुलाचे एक वर्ष पुढे ओढता येत नाही.

या दोन चुका शेजारी मांडून पाहिल्या म्हणजे मला दिसते ते असे. पहिल्या वेळी माझ्याजवळ मन होते, पण मी हिशेब कागदाशी थांबवला. दुसऱ्या वेळी हिशेब होता, पण तो मी मनाला दार बंद करण्यासाठी वापरला. दोन्ही वेळा सही बिनचूक होती. परक्या पैशाचे दान करणाऱ्याला नुसते दयाळू असून भागत नाही, कारण दुसऱ्याच्या पैशाने दयाळू होण्यास काही पडत नाही. नुसते चोख असूनही भागत नाही, कारण नकार देण्यासही काही पडत नाही. स्वतःचे म्हणून त्याला जे खर्च करता येते ते फक्त श्रम: जाऊन पाहण्याचे, ऐकून घेण्याचे आणि नियमातली वाट हुडकून काढण्याचे. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायचेच झाले, तर घरापर्यंत चालत जाण्याचे कष्ट तरी आपले असावेत. बोवेनसाहेबांना आणि फ्रीडमनसाहेबांना माझे उत्तर एवढेच आहे.

हे मला फार उशिरा कळले. ज्यांना अक्षरओळखही नव्हती अशा काही बायकांना ते माझ्या आधी ठाऊक होते. आमच्याच सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने माणदेशी महिला सहकारी बँक १९९७ साली सुरू झाली, तिची हकीकत आता पुष्कळांना माहीत आहे. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण प्रवर्तक स्त्रियांपैकी कित्येकींनी सहीच्या जागी अंगठे उठवले होते. बायकांनी हाय खाल्ली नाही. त्या अक्षरे शिकल्या, पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, की कोणत्याही मुद्दलावरचे व्याज आम्हाला तोंडी विचारा, आणि तुमच्या माणसांनाही यंत्राशिवाय तेच गणित घाला. बँकेला परवाना मिळाला. पुढे तिथल्या संस्थेने खेड्यातल्या बायकांसाठी व्यवसायशाळा काढली, तिला एचएसबीसी या मोठ्या बँकेचे साह्य मिळाले. आणि त्या बँकेचा भारतातला कारभार २००६ पासून कित्येक वर्षे नैना लाल किदवई पाहत होत्या. देणाऱ्या बाजूलाही हिशेब जाणणारी बाई आणि घेणाऱ्या बाजूलाही. अशा ठिकाणी मऊ मनाची चर्चा कोणी करीत नाही. दोन्हीकडच्यांना व्याजाची किंमत कळते, आणि म्हणून माणसाचीही कळते.

तेव्हा माझ्या भाचीला मी काय सांगू?

साहेबांचे वाक्य ना कौतुक आहे, ना अपमान. ते एक आयते आसन आहे. त्याच्यावर बसू नकोस, पण खोलीतून उठूनही जाऊ नकोस. तुला दया म्हणून आत घेतले असेल, तर तू हिशेबनीस म्हणून काम कर. पावती तपास, आणि पावती तपासून झाली की नळ उघडून पाहा. ड्रायव्हर, शिपाई, खिचडी शिजवणारी मावशी तुझ्याशी बोलतील. त्यांना बोलू दे. आणि एखाद्या गरजवंताला नियमावर बोट ठेवून परत पाठवण्यापूर्वी नियमांचे पुस्तक आणखी एकदा वाच. तुझ्या विद्येचा उपयोग त्या एका वाचनाइतका दुसरीकडे कुठेही होणार नाही.

यंदा लक्ष्मीपूजनाला ती पुन्हा येणार आहे. चौरंगावर वडिलांची वही असेल आणि शेजारी तिचा लॅपटॉप. पूजा झाली, की मी ती वही उघडून तिला धर्मादायाचे पान दाखवणार आहे. आणि मग बुधवारच्या त्या मुलाची गोष्ट सांगणार आहे. ती तिने अजून ऐकलेली नाही.